एकशे एकाहत्तर जीबी

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी मिसाओ ताकेबेने सर्दीतापाच्या लशीची सूचना लिहिली, ती जपून ठेवायला बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरने साफ नकार दिला. पडद्यावर एक चौकट आली. डिस्क भरली आहे, जागा करा, एवढंच त्यात होतं.

मिसाओ उशिओ गावच्या समाजमंदिरात गेली सव्वीस वर्षं कारकून होती. कारकून हे कागदावर. दार उघडायचं, स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचं, सपाता ओळीने लावायच्या, गो हा सोंगट्यांचा पट खेळणाऱ्यांच्या आणि हायकूवाल्यांच्या वेळा एकमेकांवर चढू द्यायच्या नाहीत, पत्रकं छापायची, आणि सकाळ-संध्याकाळ गावभर खांबांवर बसवलेल्या कर्ण्यांवरून सूचना वाचायच्या, हे सगळं तिच्याच गळ्यात. उशिओ हे गाव बेटाच्या उत्तरेच्या टोकाला, माणसं तीनशे दहा, फेरीबोट दिवसातून दोनदा. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा चोविशीची होती. नऊ वर्षं तिने माकुळ वाळवायच्या शेडमध्ये काढली. तिथे यंत्रांच्या खडखडाटातही तिची हाक शेवटच्या ओळीपर्यंत पोचते, हे तेव्हाच्या प्रमुखांनी ऐकलं आणि तिला समाजमंदिरात बोलावून घेतलं. परीक्षा नाही, मुलाखत नाही. मार्चमध्ये तिला साठ पुरी होणार होती आणि नोकरी संपणार होती.

कॉम्प्युटर तिने तीन दिवसांच्या वर्गात शिकून घेतला होता. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक पायरी लिहिलेली. 'इथे दोनदा दाबा.' 'थांबा.' 'घाबरू नका, थोड्या वेळाने येतं.' पण डिस्क भरली तर काय करायचं, त्याचं पान वहीत नव्हतं.

जागा करा म्हटलंय तर करू, म्हणून ती फोटो पुसायला बसली. बारा वर्षांपूर्वीच्या, पितरांच्या सणातल्या बोन नाचाचे फोटो, त्याच्या आदल्या वर्षीचे, आगीच्या कवायतीचे. प्रत्येक फोटो उघडून बघितल्याशिवाय पुसायला तिचा हात धजेना, कारण निम्मी माणसं आता डोंगरावर दगडाखाली होती. दोन दिवसांत चारशे फोटो पुसले. चौकट पुन्हा आली. तिने बंदराच्या पलीकडे, मुख्य गावातल्या कचेरीत फोन लावला.

"कचऱ्याची टोपली रिकामी केलीत का?" पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला.

"रोज सकाळी करते."

"नाही, ती नव्हे. पडद्यावरची."

पडद्यावर टोपली होती हे मिसाओला ठाऊक होतं, पण ती भरते हे नव्हतं. तिने ती रिकामी केली. दोन जीबी मोकळे झाले. पलीकडचा माणूस इतका खूश झाला की तिनेही त्याचे दोनदा आभार मानले. शुक्रवारी चौकट पुन्हा हजर.

आता मात्र तिला चैन पडेना. गळक्या होडीतलं पाणी उपसावं आणि भोक कुठे आहे ते कळू नये, तसं झालं. शनिवारी सुट्टी असून ती आली, जुन्या पत्रकाची पाठ समोर घेतली आणि एकेका फोल्डरचं वजन उतरवून काढलं. फोटो बावीस. पत्रकं चार. कागदपत्रं तीन. कॉम्प्युटरची स्वतःची सामग्री सदतीस. बेरीज सहासष्ट. आणि डिस्क म्हणत होती, दोनशे सदतीस भरलेत. तिने मणिचौकटीवर बेरीज केली, मग कागदावर, मग पुन्हा मणिचौकटीवर. प्रत्येक वेळी एकशे एकाहत्तर जीबी कमी. भरलेले आहेत, पण कुठेच नाहीत.

सोमवारी तिने हे प्रमुखांच्या कानावर घातलं. समाजमंदिराचे प्रमुख यासुमोतो, गाव त्यांना कान्चो-सान म्हणे. अडुसष्ट वर्षांचे, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. सुटत नाही ती गोष्ट फायलीत लावून ठेवायची, हा त्यांचा स्वभाव.

"कॉम्प्युटर म्हातारा झाला असेल, ताकेबे-सान."

"म्हातारपणी माणूस रिकामं होतं, कान्चो-सान. भरत नाही."

"माझं पोट बघा की."

कोपऱ्यात गोच्या पटाशी एकटेच डाव मांडून बसलेले कुमे-सान हसले. हे शहात्तर वर्षांचे, ट्यूना पकडायला दूर समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर तीस वर्षं वायरलेस चालवलेले. कुठलंही यंत्र दिसलं की मान वाकडी करून त्याचा आवाज ऐकायची त्यांना सवय.

"किती हरवलेत म्हणालात?"

"एकशे एकाहत्तर."

"एवढं हरवत नाही. लपतं." ते उठून आले, तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. "सरका जरा. लपलेली फोल्डरं दाखव, असं एक खूण करायचं ठिकाण असतं. मुलाच्या कॉम्प्युटरवर बघितलंय मी. ते हे बघा."

त्यांनी खूण केली आणि पडद्यावर फिकट, धुक्यातल्यासारखी फोल्डरं उभी राहिली. सात महिने रोज ज्या खिडकीत बघत होतो तिथे ही मंडळी बसली होती, ह्याचं मिसाओला नवल वाटलं, थोडी भीतीही. दोघांनी एकेक उघडायला सुरुवात केली. रिकामं. रिकामं. एकात नुसती आकड्यांची जंत्री. आणि मग आवाज टिपायच्या प्रोग्रामच्या नावाचं एक, त्यात आणखी एक, आणि त्यात नऊ हजार चारशे बारा फाइली. प्रत्येकीचं नाव म्हणजे तारीख आणि वेळ. पहिली आठ एप्रिलची, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांची.

कुमे-सानांनी ती दाबली. आधी खरखर झाली, मग किटलीचं झाकण वाजलं, आणि मग खोलीभर मिसाओचा आवाज आला, "वारा तर आहे. पण चादरी घालाव्यात की नको."

तिघांनीही हळूहळू टेबलावरच्या मायक्रोफोनकडे बघितलं. एप्रिलमध्ये जुना जाऊन हा नवा आला होता, बदकाच्या मानेचा, टोकाला हिरवा ठिपका असलेला. त्याच्याबरोबर प्रोग्रामही नवा. बसवणाऱ्याने फोनवरून सांगितलं होतं आणि मिसाओने एकेक पायरी वहीत लिहून घेतली होती. तिने वही काढली. एप्रिलचं पान. तिच्याच अक्षरात: 'चौकटी विचारतील. सगळ्यांत खूण करा.'

कुमे-सानांनी चष्मा वर करून प्रोग्राममधल्या चौकटी वाचल्या. "'कॉम्प्युटर सुरू होताच सुरू हो.' खूण आहे. 'आवाज झाला की आपोआप टिप.' खूण आहे. 'हलका आवाज गाळ.' त्याच्यावरही." त्यांनी तिन्ही खुणा काढल्या. "म्हणजे एप्रिलपासून ह्या खोलीत कुणी जोरात बोललं की यंत्र लिहून घेत होतं."

"सगळं?" कान्चो-सान म्हणाले.

"जोरात बोललेलं."

"आपलं?"

"आपलं, परक्याचं, मांजर आलं असेल तर त्याचंही." कुमे-सानांनी चष्मा खाली ओढला. "म्हणजे मी त्या भामट्याबद्दल बोललो तेही ह्यात असणार."

"कुठल्या भामट्याबद्दल?"

"बरेच आहेत." त्यांनी खुर्ची मागे ओढली. "पुसून टाका, ताकेबे-सान. एका दाबात जाईल. आत्ताच."

मिसाओचा हात माउसवर होता. खरं तर तिलाही तेच हवं होतं. पण चारशे फोटो एकेक बघून पुसणारी बाई, नऊ हजार फाइली न बघता कशी पुसणार. "उद्या," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी दोघं गेले आणि ती कानाला हेडफोन लावून बसली. चोरून ऐकतोय असं आधी वाटलं, मग वाटेनासं झालं, कारण बहुतेक ठिकाणी तीच होती. तोकुए आजी, एक्क्याऐंशीच्या, कानाने बहिऱ्या, रोज सकाळी येऊन सुनेचं पुराण लावणाऱ्या, त्यांचाच आवाज निम्म्याहून जास्त. आरोग्यसेविका कुणाच्या तरी तपासणीबद्दल बोलू लागली, तिथे मिसाओने घाईने ती फाइल बंद केली. आणि प्रत्येक ठिकाणी, प्रत्येकाच्या बोलण्याच्या शेवटी, एक बाई म्हणत होती, "हो का." कधी लांबवून, कधी तोडून. हो का. हो का. मी एवढंच बोलते, मिसाओच्या मनात आलं.

जूनमधली एक फाइल तिला मुद्दाम शोधावीशी वाटली. टोफूवाल्याची बायको सायोको एका पावसाळी दुपारी येऊन रडली होती, नवऱ्याला सोडून बेटावरून जाते म्हणाली होती. मिसाओने तिला चहा दिला आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. सायोको गेली नाही. ती दुपार मिसाओने मनात एखाद्या बक्षिसासारखी ठेवली होती. फाइली सापडल्या. सायोकोचं रडणं होतं, तिचं बोलणं होतं, आणि मध्ये मध्ये "हो का". मिसाओने मोजले. अकरा वेळा. शहाणपणाची एकही गोष्ट नव्हती. तिने पुढच्या-मागच्या फाइलीही धुंडाळल्या. मग मी ते बोलले की बोलले नाही. तिला आठवतंय ते कुठून आलं.

आणि मग, बंद करता करता, चौदा ऑक्टोबर. त्या दिवशी ती पोस्टात गेली होती. आवाज कान्चो-सानांचा.

"ताकेबे-सानना अजून ठाऊक नाही ना?"

मग कुमे-सान. "कुणी सांगायचं? मी नाही सांगणार बुवा."

"मार्चपर्यंत..." आणि फाइल संपली. पुढची दीड मिनिटानंतरची. "...बिचारीला वाटतंय सगळं नीट आहे." कप बशीवर ठेवल्याचा आवाज. संपली. त्याच्या पुढची म्हणजे दार सरकल्याचा आवाज आणि तिचाच, "आले मी. पोस्टात ही गर्दी."

मिसाओने ते पाच वेळा ऐकलं. मधलं दीड मिनिट ते दोघं हळू बोलले होते आणि यंत्राने हळू बोलणं गाळलं होतं. जे ऐकायला हवं होतं नेमकं तेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुमे-सान पुसायला आले तेव्हा ती म्हणाली, "मुख्य कचेरीतून परवानगी यायचीय." सव्वीस वर्षांत कामाच्या ठिकाणी ती पहिल्यांदा खोटं बोलली. कुमे-सानांनी मान हलवली आणि पटावर जाऊन बसले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ह्यांना ठाऊक आहे. काय ठाऊक आहे?

पुढचे चार दिवस तिने एखाद्या परक्या गावात काढावेत तसे काढले. कुणी नेहमीपेक्षा वाकून नमस्कार केला की ह्यांनाही ठाऊक आहे असं वाटे. कुणी नमस्कार न करता गेलं तर तेच वाटे. डॉक्टरने उन्हाळ्यात रक्त घेतलं होतं, त्याचं काही असेल? की आवाज गेलाय माझा, आणि कर्ण्यावरून ऐकून लोक गप्प बसतात? की ह्यांचं काही? नवरा कात्सुजी तीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काम करून कानाने गेलेला. घरात दोघं खुणांनी आणि सवयीने बोलत. रात्रीच्या जेवणाला ती त्याला निरखू लागली. खातोय नीट. मुळ्याचं लोणचं दोनदा घेतलं. रंगही बरा आहे.

"अहो," ती म्हणाली. "माझ्यापासून काही लपवताय का?"

"काय?"

"लपवताय का, म्हटलं. माझ्यापासून."

कात्सुजीने जेवायच्या काटकोळ्या खाली ठेवल्या. मग उठून तांदळाच्या पिंपामागे हात घातला आणि सिगारेटचं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं.

"तुला कुणी सांगितलं? कुमेने?"

पाच वर्षांपूर्वी त्याने सोडली होती. मिसाओने पाकिटाकडे बघितलं. चौदा ऑक्टोबरला दोघं ह्याबद्दल बोलत होते का? 'बिचारीला वाटतंय सगळं नीट आहे.' बसतं. पण मार्च कुठे बसतो?

"कधीपासून?"

"काय?"

"जाऊ द्या," ती म्हणाली आणि सूप गरम करायला उठली.

शेवटी असं दिवस काढणं तिला झेपेना. मंगळवारी कान्चो-सान एकटे असताना तिने चहा ओतला आणि सरळ सांगून टाकलं. मी ऐकलं. पुसणार म्हटलं आणि ऐकलं. चूक झाली. पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही.

कान्चो-सानांचे कान लाल झाले. "काय म्हणालो मी?"

तिने ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, हेडमास्तर वर्गात एखाद्याचं पाठांतर ऐकतात तसं. "आवाज माझाच," ते म्हणाले. "पण कशाबद्दल बोललो ते आठवत नाही हो." मग कपातला चहा संपवून म्हणाले, "ते पत्र असेल."

"कुठलं पत्र?"

कपाटातून त्यांनी एक फाइल काढली. सप्टेंबरमध्ये मुख्य कचेरीतून आलेलं. ताकेबे यांच्या निवृत्तीनंतर उशिओ समाजमंदिरात नवीन नेमणूक होणार नाही. सूचना मार्चनंतर कचेरीतून यंत्राच्या आवाजात दिल्या जातील. समाजमंदिराच्या वापराबाबत पुढे कळवण्यात येईल.

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून म्हटलं, मार्च तर येऊ दे."

मिसाओने पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त, कळलं एकदाचं, असं वाटलं. आजारी नाही, नवरा मरत नाही. हे होतं तर.

तेवढ्यात कुमे-सान आले. कान्चो-सानांनी त्यांनाही ऐकवलं आणि म्हणाले, "पत्राचं बोललो ना आपण?"

"कसलं पत्र?" कुमे-सान म्हणाले. त्यांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि खाली बसले. "हे मी आत्ता बघतोय. समाजमंदिर बंद करणार?"

"मग तुम्ही कुणी सांगायचं म्हणालात ते काय?"

"बाहुल्यांचं. तुम्हीच काढलात विषय." कुमे-सान मिसाओकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला. "कोठीच्या छपरातून पाणी येतं म्हणून आम्ही ऑक्टोबरात वर चढलो होतो. बाहुल्यांच्या पेटीत उंदीर शिरलेत. तुम्ही इतक्या निगुतीने कागदात बांधून ठेवल्या होत्या. मार्चमध्ये मुलींच्या सणाला पेटी उघडाल तेव्हा कळेल, म्हणून..."

"आपण बाहुल्यांचं बोललो नाही त्या दिवशी," कान्चो-सान म्हणाले.

"बाहुल्यांचंच बोललो. मला शिडी धरायला लावलीत तुम्ही."

"शिडी नंतरच्या आठवड्यात."

"मग पत्राचं मला ठाऊक कसं नाही?"

"तुम्ही विसरलात."

"मी विसरलो? वायरलेसवर तीस वर्षं काढली मी."

दोघं असे हमरीतुमरीवर आलेले मिसाओने कधी बघितले नव्हते. ती उठली, कोठीत गेली, शिडी लावून पेटी काढली. कागद कुरतडलेला होता. सम्राज्ञी बाहुलीच्या झग्याच्या बारापैकी चार पदरांची जाळी झाली होती, आणि ढोल वाजवणाऱ्याचा एक हात नव्हता. म्हणजे दोन्ही खरं होतं. चौदा ऑक्टोबरला ते कशाबद्दल बोलले हे मात्र ती पेटी मांडीवर घेऊन बसली तरी कळेना, आणि आता कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

बाहेर येऊन तिने संध्याकाळची सूचना लिहायला घेतली. कान्चो-सानांनी खांद्यावरून वाचली.

"हे सांगायचंच का? पुसून टाका ना. कुणाला कळणार आहे."

"कान्चो-सान, माझ्याबद्दल दोन वाक्यं होती, ती मी पाच वेळा ऐकली. त्यांचं तर सात महिन्यांचं आहे."

"उद्या कुणी समाजमंदिरात पाऊल टाकणार नाही."

"तसंही मार्चपर्यंतच," ती म्हणाली.

पाच वाजता उशिओच्या खांबांवरून तिचा आवाज गेला. आधी लशीची वेळ, मग फेरीबोट वाऱ्यामुळे उशिरा येईल, आणि मग त्याच चालीत: एप्रिलपासून समाजमंदिराच्या खोलीत मोठ्याने बोललेलं सगळं कॉम्प्युटरने टिपून ठेवलं आहे. चूक ताकेबेची आहे. शुक्रवारी दुपारी ते पुसण्यात येईल. ज्यांना आपलं बोलणं आधी ऐकायचं असेल त्यांनी यावं. दुसऱ्याचं ऐकता येणार नाही. ह्या सूचनेबद्दल क्षमा असावी. मग नेहमीसारखं ते सगळं पुन्हा एकदा.

बुधवारी सकाळी दाराशी सपाता कमी पडल्या. तोकुए आजी सगळ्यांत पुढे. मिसाओने त्यांच्या कानाला हेडफोन लावून आवाज पूर्ण सोडला.

"ही कोण बाई ओरडतेय?" आजी म्हणाल्या.

"तुम्हीच, आजी."

"मी असं बोलते?" त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "सुनेबद्दल फार बोलते मी."

"हो का," मिसाओच्या तोंडून गेलं, आणि तिने जीभ चावली.

तोकुए आजींचे तास मोजले तर नव्वदच्या वर जात होते. रांगेत हे पसरलं आणि लोक हसू लागले, अर्धी डिस्क आजींनीच खाल्ली म्हणाले. कुणी रागावलंही. मासळीच्या सोसायटीतला एक जण, तक्रार करतो म्हणून गेला आणि दुपारी आपली फाइल ऐकायला परत आला. सगळ्यांत जास्त दुखावले गेले ते ओनुकी-सान. रोज दुपारी येणारे, हायकू मंडळाचे जुने सभासद, बोलणं दुसऱ्याच्या अंगावर फुंकर घातल्यासारखं. मिसाओने तास घालवला. त्यांचा एकही शब्द नव्हता.

"मी रोज येतो," ओनुकी-सान म्हणाले.

"येता ना. मी बघते ना तुम्हाला."

"मग?"

"हलका आवाज गाळायची खूण होती, ओनुकी-सान. माझीच चूक."

ते टोपी घालून गेले. गुरुवारी परत आले आणि म्हणाले, एक तरी टिपा. मिसाओने मायक्रोफोन त्यांच्या ओठांशी नेला, लाल बटण दाबलं. ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "आज वारा आहे," आणि उठले.

सायोको शुक्रवारी आली, सगळे गेल्यावर. हाताला टोफूच्या पाण्याचा वास. ऐकायचं नाही म्हणाली. पुसताना उभी राहते फक्त.

"तुम्ही ऐकलंत का माझं?"

"ऐकलं," मिसाओ म्हणाली. "माफ करा. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते हो तुमच्याशी. नुसतं हो का, हो का. मला वाटत होतं मी काही सांगितलं तुम्हाला."

सायोकोने तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं. "सांगितलंत की. माझा हात धरून म्हणालात, आधी घरी जाऊन सोयाबीन भिजत घाल, मग काय ते ठरव. अगदी कानाशी येऊन म्हणालात."

"मी असं म्हणाले?"

"म्हणून तर गेले मी घरी."

मिसाओला सोयाबीन आठवेना. तिला आठवत होतं ते वेगळंच होतं, धीर धरण्याबद्दल काहीतरी, लांबलचक. यंत्रात तर दोन्हीतलं काही नव्हतं. कानाशी येऊन बोलली असेल तर यंत्राने ते गाळलं असणार. की सायोकोलाच ते कुणी दुसऱ्याने सांगितलं होतं? तिने विचारलं नाही. तिने सगळ्या फाइलींना एकदम पकडलं, पुसलं, आणि ह्या खेपेला टोपलीही रिकामी केली. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. भरलेले सहासष्ट, मोकळे एकशे एकाहत्तर. बेरीज जुळली. सायोको वाकून नमस्कार करून गेली, आणि मिसाओ त्या मोकळ्या आकड्याकडे बघत बसली. हलकं वाटायला हवं होतं, पण काय वाटतंय तेच तिला सांगता येईना.

मार्चच्या तीन तारखेला बाहुल्या मांडल्या. झग्याला सायोकोने ठिगळ लावलं होतं, ढोलवाल्याचा हात कुमे-सानांनी काटकोळीतून कोरला होता, जरा लांबच झाला. ते आणि कान्चो-सान तेव्हाही आपापल्या चौदा ऑक्टोबरवर ठाम होते. महिनाअखेर मिसाओने शेवटची सूचना वाचली, लोकांनी फुलं आणली, तोकुए आजींनी सुनेबरोबर केलेला शुभप्रसंगाचा लाल भात आणला.

एप्रिलपासून सूचना यंत्र देतं. आवाज स्वच्छ आहे, उच्चार चोख. लोक तो ऐकतात आणि मग मिसाओच्या घरी फोन करून विचारतात, काय म्हणाली ती यंत्रातली बाई. मिसाओ सांगते. समाजमंदिराबद्दल पुढे कळवण्यात येईल असं होतं, ते अजून कळवलेलं नाही. मिसाओने चावी द्यायची तयारी ठेवली होती, पण कुणी मागितली नाही, आणि कुणाकडे द्यायची हेही पत्रात नव्हतं. म्हणून ती सकाळी जाते, दार उघडते, सपाता लावते. कान्चो-सान येतात, कुमे-सान पट मांडतात. समाजमंदिर चालू आहे की बंद, हे बेटावर नक्की कुणालाच ठाऊक नाही.